तिऱ्हाईताचे अंगण

खेळांचे इतिहास लिहिणारे लोक बहुधा जेत्यांची यादी देतात आणि थांबतात. अमुक वर्षी अमुक संघ जिंकला, अमुक शहरी जिंकला, इतक्या गुणांनी जिंकला, एवढे सांगितले की त्यांचे कर्तव्य संपते. अशा यादीस इतिहास म्हणावयाचे, तर रेल्वेच्या वेळापत्रकास प्रवासवर्णन म्हणण्यास हरकत नसावी. तथापि एक यादी अशी आहे की, ती वाचू लागलो म्हणजे मागल्या सहासात दशकांतील युरोपखंड आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्यातील राज्ये मोडतात, नवी घडतात, सरहद्दी बंद होतात आणि उघडतात. ही यादी म्हणजे युरोपातील बास्केटबॉल क्लबांच्या अजिंक्यपदाची यादी होय. १९५८ साली ही स्पर्धा 'युरोपियन चँपियन्स कप' या नावाने सुरू झाली. आज ती 'युरोलीग' या नावाने ओळखली जाते. पुरुषांच्या क्लबांमध्ये त्या खंडातील हा सर्वांत मोठा मान समजला जातो.

महाविद्यालयात युरोपचा अर्वाचीन इतिहास शिकविण्यात आमचे अर्धे आयुष्य गेले. तह, करारनामे, परिषदा आणि त्यांच्या तारखा आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घेतल्या. त्यांनीही त्या परीक्षेपुरत्या घोकल्या आणि परीक्षेच्या मंडपातच सोडून दिल्या. शीतयुद्ध म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील दहा पानांनी जे त्यांना समजले नाही, ते माद्रिदचा एक संघ रीगा शहरी खेळावयास का गेला नाही, एवढ्या एका गोष्टीने समजले, असा आमचा अनुभव आहे. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहावेत असे मनात होते. खेळातील डावपेचांचे पांडित्य आमच्याजवळ नाही. आमचे लक्ष खेळापेक्षा खेळाच्या अंगणाकडे अधिक.

या स्पर्धेचा मूळ नियम मोठा साधा होता. दोन संघांनी एकमेकांशी दोन सामने खेळावयाचे. एक आपल्या गावी, दुसरा प्रतिपक्षाच्या गावी. दोन्ही सामन्यांतील गुणांची बेरीज ज्याची अधिक, तो पुढे जाणार. या नियमाला व्यवहाराच्या भाषेत फारसा अर्थ नाही. पण संसाराच्या भाषेत पुष्कळ आहे. आमच्याकडे एखाद्याच्या घरी जेवलो, तर त्यालाही आपल्या घरी पाटावर बसविल्यावाचून ते येणेजाणे पुरे झाले असे कोणी मानीत नाही. या स्पर्धेनेही तेच सांगितले. नुसते हरविणे पुरेसे नाही. हरवावयाचे असेल तर त्याच्या दारी जा, त्याच्या गावचे पाणी पी, त्याच्या माणसांचा आरडाओरडा ऐक, आणि मग त्यालाही आपल्या दारी येऊ दे. यजमान व पाहुणा ही दोन्ही नाती ज्याला निभावता येत नाहीत, त्याला या स्पर्धेत जागा नाही.

नियम साधा खरा. परंतु ज्या काळात तो केला गेला, तो काळ साधा नव्हता. १९५५ साली 'लेकीप' या फ्रेंच क्रीडापत्राच्या पुढाकाराने फुटबॉलच्या क्लबांची युरोपीय स्पर्धा सुरू झाली होती. ती पाहून बास्केटबॉलवाल्यांनाही तसेच काही करावेसे वाटले. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने त्यासाठी नेमलेल्या मंडळात रेआल माद्रिद क्लबाचे रायमुंदो सापोर्ता होते, फ्रान्सचे रोबेर ब्यूस्नेल होते, आणि सोव्हिएत, चेकोस्लोव्हाक व बल्गेरियन गृहस्थही होते. फ्रँकोच्या राज्यातला स्पॅनिश माणूस आणि मॉस्कोचा प्रतिनिधी एका मेजाभोवती बसून चेंडूच्या खेळाचे नियम ठरवितात, हेच त्या दिवसांत नवल होते. स्पेन आणि सोव्हिएत संघ यांच्यात राजकीय संबंध नव्हते. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशात पाऊल ठेवणे हे जवळजवळ अशक्य. मेजाभोवती बसणे निराळे आणि घरी जाणे निराळे, याची प्रचीती पहिल्याच वर्षी आली.

१९५८ सालच्या त्या पहिल्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत रेआल माद्रिद आणि रीगाचा लष्करी क्लब यांची गाठ पडली. माद्रिदच्या संघाला सोव्हिएत भूमीवर जाण्याची परवानगी स्पेनच्या सरकारने दिली नाही. संघाने माघार घेतली, आणि रीगा न खेळताच अंतिम फेरीत गेले. तेथे त्यांनी सोफियाच्या अकादेमिक क्लबाला सोफियात ८६–८१ आणि रीगात ८४–७१ असे हरविले व पहिले अजिंक्यपद मिळविले. पुढे १९५९ व १९६० सालीही तेच जिंकले.

या रीगाकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. त्यांचा शिक्षक अलेक्सांदर गोमेल्स्की हा उंचीने ठेंगणा आणि बुद्धीने चतुर माणूस होता. त्याने जंगलात काम करणारा यानिस क्रूमिन्श नावाचा एक तरुण शोधून काढला. क्रूमिन्शची उंची सुमारे २१८ सेंटिमीटर. चेंडूशी त्याची ओळख वयाची विशी उलटल्यावर झाली. अशा माणसाभोवती गोमेल्स्कीने संघ बांधला आणि तीन वर्षे युरोपला नमविले. परंतु आमच्या मनाला चटका लावते ती गोष्ट वेगळीच आहे. १९३५ साली जिनीव्हा येथे राष्ट्रांमधील पहिली युरोपीय बास्केटबॉल स्पर्धा झाली, ती लाटव्हिया या छोट्या देशाने जिंकली होती. १९४० साली तो देश सोव्हिएत संघाने गिळला. १९५८ साली रीगाचे तरुण जेव्हा पुन्हा युरोपात पहिले आले, तेव्हा त्यांच्या क्लबाच्या नावात लाल लष्कर होते आणि यादीत त्यांच्यापुढे सोव्हिएत संघ असे लिहिले गेले. रीगाची माणसे आपल्याच घरी खेळत होती. पण त्या घराची किल्ली दुसऱ्याकडे होती.

पुढे १९६२ साली रेआल माद्रिद अंतिम फेरीत पोहोचले, आणि समोर पुन्हा सोव्हिएत संघातलाच एक क्लब उभा, तिबिलिसीचा डिनामो. आता काय करावे? अंतिम फेरीतून माघार घेणे लाजिरवाणे, आणि एकमेकांच्या घरी जाणे तर बंद. तेव्हा तिसरा मार्ग निघाला. दोन सामन्यांऐवजी एकच सामना घ्यावा, आणि तो स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा शहरी घ्यावा, असे ठरले. तिबिलिसी ९०–८३ असे जिंकले. गावात दोन भाऊबंदांचे वैर असले आणि एकमेकांची पायरी चढावयाची नाही अशी शपथ असली, म्हणजे मुलांच्या मुंजीची बोलणी तिसऱ्याच कोणाच्या पडवीत होतात. जिनीव्हा ही त्या वर्षी अशीच तिऱ्हाईताची पडवी झाली. या स्पर्धेच्या इतिहासात हा तिऱ्हाईत वारंवार भेटतो, आणि आमच्या मते तोच या कथेचा खरा नायक होय.

त्याच मोसमातील एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. माद्रिदचा संघ इटलीत वारेसे येथे खेळत होता. अखेरचे दोन सेकंद उरले असता दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले. जादा वेळ खेळावा लागला असता, तर माद्रिदचे महत्त्वाचे खेळाडू नियमभंगामुळे आधीच बाहेर गेलेले. मोठा पराभव होण्याचे भय. तेव्हा शिक्षक पेद्रो फेर्रांदिस याच्या सांगण्यावरून लोरेंसो आलोसेन या खेळाडूने चेंडू आपल्याच टोपलीत टाकला! सामना ८०–८२ असा हरला. पण दोनच गुणांनी हरला. परतीच्या सामन्यात माद्रिदने ती तूट सहज भरून काढली. पुढे असे मुद्दाम आपल्याच टोपलीत चेंडू टाकणे संघटनेने नियमाने बंद केले. परक्या घरी थोडे हरावे आणि आपल्या घरी पुष्कळ जिंकावे, हा हिशेब वाणसौद्याचा दिसेल. परंतु तो त्या दोन घरांच्या नियमातूनच जन्मला होता.

१९६३ साली मात्र बंद दार उघडले. रेआल माद्रिद आणि मॉस्कोचा लष्करी क्लब, ज्याला जग 'सेस्का' म्हणून ओळखते, यांची अंतिम फेरी. या वेळी सोव्हिएत खेळाडू माद्रिदला गेले आणि स्पॅनिश खेळाडू मॉस्कोला. माद्रिदमध्ये यजमान ८६–६९ असे जिंकले. मॉस्कोत यजमान ९१–७४ असे जिंकले. वाचकांनी बेरीज करून पाहावी. दोन्हींकडे बरोबर १६०! जणू विधात्यालाच या दोघांना इतक्या लवकर एकमेकांपासून सोडवावयाचे नव्हते. तिसरा सामना मॉस्कोतच झाला आणि सेस्काने तो ९९–८० असा जिंकला. कोण जिंकले हे आम्हांस गौण वाटते. पाच वर्षांपूर्वी ज्या देशाच्या भूमीवर पाऊल ठेवणे अपराध होता, तेथे माद्रिदचे तरुण एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा खेळले, ही गोष्ट मोठी. राजदूतांची देवघेव दोन्ही देशांत सुरू व्हावयास त्यानंतर १९७७ साल उजाडावे लागले. चेंडू चौदा वर्षे आधी गेला.

पश्चिमेकडे या काळात निराळाच संसार चालला होता. तेथे लष्कराचे क्लब नव्हते, कारखान्यांचे होते. १९६६ साली अजिंक्यपद मिळविणारा मिलानचा संघ 'सिमेंथाल' या डबाबंद मांसाच्या व्यापाऱ्याचे नाव लावीत असे. त्या संघात बिल ब्रॅडली नावाचा एक अमेरिकन तरुण होता. तो ऑक्सफर्ड येथे शिष्यवृत्तीवर अध्ययन करीत असे आणि सामन्यांपुरता विमानाने येऊन खेळून परत ग्रंथालयात जाऊन बसे. पुढे तो अमेरिकेच्या सेनेटचा सभासद झाला. आमच्या वर्गातील जी मुले खेळामुळे अभ्यास होत नाही अशी सबब सांगतात, त्यांना आम्ही हे उदाहरण देतो; ती मुले ऑक्सफर्डचे नाव ऐकून हसतात आणि विमानभाड्याची चौकशी करतात.

आल्प्सच्या पायथ्याजवळच्या वारेसे या लहानशा शहराने तर नवलच केले. जोव्हान्नी बोर्गी या शीतकपाटांच्या कारखानदाराने तेथील संघाला आपल्या 'इग्निस' या मालाचे नाव दिले आणि पैसा पुरविला. १९७० पासून १९७९ पर्यंत लागोपाठ दहा वर्षे वारेसे अंतिम फेरीत होते. त्यांतील पाच वेळा ते जिंकले, पाच वेळा हरले. मधल्या काळात संघाच्या पाठीशी असलेले व्यापारी बदलले व संघाचे नावही बदलले. पण दीनो मेनेगिन हा उंचापुरा गडी त्या दहाही अंतिम फेऱ्यांत होता. युरोपातील मोठमोठ्या राजधान्यांना जे साधले नाही, ते एका लहान गावाने दहा वर्षे साधले, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. लहान गावात राहणाऱ्या माणसांना अशा गोष्टींचा आनंद का होतो, हे सांगण्याचे कारण नाही.

परंतु तिऱ्हाईताकडे पुन्हा वळू या. १९६७ च्या युद्धानंतर सोव्हिएत संघाने इस्राएलशी संबंध तोडले होते. १९७७ साली सेस्का आणि तेल अवीवचा मॅकाबी क्लब यांचा सामना ठरला. मॉस्कोचे खेळाडू तेल अवीवला जाणार नाहीत, हे स्पष्ट झाले. तेव्हा बेल्जममधील व्हिर्टन नावाच्या एका आडगावात, एका लहानशा क्रीडागृहात फेब्रुवारी महिन्यात हा सामना झाला. मॅकाबीने तो ९१–७९ असा जिंकला. त्यांचा नायक टॅल ब्रॉडी हा अमेरिकेत जन्मलेला. त्याने सामन्यानंतर मोडक्यातोडक्या हिब्रूत सांगितले की, आपण आता नकाशावर आहोत आणि नकाशावरच राहणार आहोत. हे उद्गार त्या देशात म्हणीसारखे झाले. आणि पुढे काय व्हावे? अंतिम सामना बेलग्रेडमध्ये. युगोस्लाव्हियानेही १९६७ सालीच इस्राएलशी संबंध तोडलेले. तरी त्या देशाने आपले अंगण दिले. मॅकाबीने तेथे वारेसेला ७८–७७ अशा एका गुणाने हरविले. ज्या रात्री तेल अवीवचे लोक रस्त्यावर नाचत होते, त्याच रात्री त्यांचे पंतप्रधान राबिन यांनी आपण पद सोडीत असल्याचे जाहीर केले.

बेलग्रेडचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते आणखी दोनदा येणार आहे.

युगोस्लाव्हिया हा देश मोडावयाचा होता. पण मोडण्यापूर्वी तो या खेळात असा फुलला की बोलावयाची सोय नाही. १९७९ साली सारायेव्होच्या बोस्ना क्लबाने ग्रेनोबल येथे वारेसेला ९६–९३ असे हरविले. झार्को वारायिचने एकट्याने ४५ गुण केले, मिर्झा डेलिबाशिचने ३०. एका शहरात अनेक धर्मांची माणसे नांदतात म्हणजे काय, हे ज्या सारायेव्होकडे बोट दाखवून सांगावे, त्या शहराचा हा विजय. १९८५ व १९८६ साली झाग्रेबचा सिबोना क्लब जिंकला. त्यात द्राझेन पेत्रोविच होता, ज्याचा खेळ पाहण्यासाठी विरोधी गावचे लोकही गर्दी करीत, आणि जो १९९३ साली जर्मनीतील रस्त्यावर अपघातात अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. १९८९, १९९० आणि १९९१ अशी लागोपाठ तीन वर्षे समुद्रकाठच्या स्प्लिट शहराने हा चषक नेला. तिसऱ्या विजयाला पुरते तीन महिने झाले नाहीत, तोच क्रोएशियाने स्वातंत्र्य पुकारले आणि युद्ध सुरू झाले.

आता या कथेचे जे पान आम्हांस सर्वांत प्रिय आहे, तेथे आम्ही येतो. १९९१–९२ च्या मोसमात युगोस्लाव्हियातील क्लबांच्या गावी जाऊन खेळणे धोक्याचे ठरले. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबाला सांगण्यात आले की, तुमचे घरचे सामने घराबाहेर खेळा. माद्रिदच्या दक्षिणेस फुएनलाब्रादा नावाचे एक कष्टकऱ्यांचे उपनगर आहे. तेथे त्यांची सोय झाली. पार्टिझानमध्ये बहुतेक पोरेच होती, आणि त्यांचा शिक्षक झेल्को ओब्रादोविच आदल्याच वर्षापर्यंत त्यांच्यातच खेळत होता. फुएनलाब्रादाच्या लोकांना या परक्या पोरांशी काय देणेघेणे असावे? पण लोक क्रीडागृहात येऊ लागले. टाळ्या वाजवू लागले. आणि एक दिवस असा आला की, माद्रिदचा एस्तुदिआन्तेस क्लब तेथे पार्टिझानशी खेळावयास आला, तेव्हा फुएनलाब्रादाच्या लोकांनी शेजारच्या माद्रिदकरांची बाजू न घेता दूरच्या बेलग्रेडकरांची घेतली! ज्याला आपण तिऱ्हाईत म्हणून गाठले, तो तिऱ्हाईत राहिलाच नाही. त्याने पाहुण्याला आपला म्हटले.

त्या संपूर्ण मोसमात पार्टिझानला बेलग्रेडमध्ये युरोपीय सामना एकच खेळावयास मिळाला. तरीही ते अंतिम फेरीत पोहोचले. १९९२ च्या एप्रिल महिन्यात, सारायेव्होला वेढा पडून दोन आठवडेही झाले नव्हते, अशा वेळी इस्तंबूल येथे त्यांनी बादालोनाच्या जुव्हेन्तुत क्लबाला ७१–७० असे हरविले. अखेरच्या क्षणी जॉर्जेविचने लांबून टाकलेला तीन गुणांचा चेंडू टोपलीत पडला आणि बादालोनाच्या हातातील चषक गेला. पुढे मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले. त्यांत खेळही आले, आणि पार्टिझानला आपले अजिंक्यपद राखण्यासाठी मैदानात उतरताही आले नाही. ओब्रादोविच मात्र स्पेनला गेला. कोठे? ज्यांना त्याने एका गुणाने रडविले होते, त्याच बादालोनाला. आणि १९९४ साली तेल अवीव येथे त्याच बादालोनाला त्याने ऑलिंपियाकोसविरुद्ध ५९–५७ असा विजय मिळवून दिला. आपला घाव आपणच बांधणारा वैद्य क्वचितच भेटतो. या माणसाने पुढे एकूण नऊ वेळा, पाच निरनिराळ्या क्लबांना हे अजिंक्यपद मिळवून दिले.

परंतु हे गोड पान वाचताना समोरचे पान झाकून ठेवणे हा इतिहासकाराचा धर्म नव्हे. बेलग्रेडच्या पोरांना स्पेनमध्ये अंगण मिळाले, त्याच वसंतात सारायेव्होवर तोफा डागल्या जात होत्या. १९७९ च्या विजयाचा नायक डेलिबाशिच त्या वेढ्याच्या काळात आपल्या शहरातच राहिला. १९९३ साली वेढ्यातून बाहेर पडून युरोपीय स्पर्धेत खेळलेल्या बोस्नियाच्या राष्ट्रीय संघाचा तो शिक्षक होता. २००१ साली तो वारला. सारायेव्होतील एका क्रीडागृहाला आज त्याचे नाव आहे. त्या चार वर्षांत सारायेव्होला कोणी तिऱ्हाईत आपले अंगण देऊन वाचवू शकला नाही. खेळाने युद्धे थांबतात असे जे म्हणतात, त्यांनी सारायेव्होचा हा अध्याय वाचावा.

१९९९ साली म्यूनिक येथे कौनासच्या झाल्गिरिस क्लबाने बोलोन्याला ८२–७४ असे हरवून हा मान मिळविला. १९८६ साली हाच क्लब अंतिम फेरीत सिबोनाकडून हरला होता. तेव्हा त्याच्या नावापुढे सोव्हिएत संघ लिहिलेले होते. १९९९ च्या यादीत लिथुएनिया लिहिले गेले. काही अक्षरांचा हा बदल. पण त्यामागे एका राष्ट्राचे पन्नास वर्षांचे झुरणे होते. रीगाला जे मिळाले नाही, ते कौनासला मिळाले.

पुढला अध्याय पैशाचा आहे आणि तो आम्ही थोडक्यात आटोपतो. २००० साली मोठ्या क्लबांनी आंतरराष्ट्रीय संघटनेपासून फारकत घेऊन आपली स्पर्धा निराळी काढली. गमतीची गोष्ट अशी की, 'युरोलीग' हे नाव संघटनेने कायद्याने आपल्या नावे नोंदविलेलेच नव्हते. क्लबांनी ते उचलले आणि संघटना पाहत राहिली. त्यामुळे २००१ साली युरोपला दोन अजिंक्यवीर मिळाले. एकीकडे बोलोन्या, दुसरीकडे मॅकाबी. वर्षभरातच मोठ्या क्लबांचे पारडे जड ठरले. २०१६ पासून प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे अशी लांबलचक साखळी झाली, आणि काही मातबर क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने मिळाले. आपल्या देशात पहिला आलेला क्लब आपोआप या पंक्तीत बसेल, ही जुनी रीत मागे पडली. २०२५ चे अखेरचे सामने अबू धाबी येथे झाले, आणि तेथे इस्तंबूलच्या फेनरबाचेने मोनाकोला ८१–७० असे हरविले. पंक्तीचा यजमान कोण आणि पाहुणे कोण, हे अशा वेळी ओळखू येत नाही. ज्याने मंडप भाड्याने दिला, तो यजमान होत नाही.

तरीही इतिहास पुन्हा त्याच दाराशी येऊन उभा राहिला. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, आणि सेस्कासह तिन्ही रशियन क्लबांना स्पर्धेतून दूर करण्यात आले. त्यांचे त्या मोसमातील निकालही पुसले गेले. आठ वेळा अजिंक्य ठरलेल्या क्लबाला या वेळी कोणी तिऱ्हाईत सापडला नाही, आणि कोणी शोधलाही नाही. त्यानंतर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इस्राएल व गाझा येथे युद्ध पेटले, आणि मॅकाबीला आपले घरचे सामने तेल अवीवबाहेर खेळावे लागले. ते कोठे खेळले? बेलग्रेडमध्ये. ज्या शहराच्या पोरांना एकतीस वर्षांपूर्वी स्पेनमधील उपनगराने आसरा दिला होता, त्याच शहराने आता दुसऱ्यांना आसरा दिला. ज्या गावाने एकदा दुसऱ्याच्या अंगणात रात्र काढली आहे, त्याला पाहुण्यासाठी कोपरा झाडून ठेवण्याचे सांगावे लागत नसावे.

हा इतिहास आम्ही वर्गात सांगितला, तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, शत्रूशी खेळावेच कशाला? २०२५ साली चँपियन्स ट्रॉफीचे यजमानपद पाकिस्तानकडे होते आणि आपण आपले सामने दुबईत खेळलो. खेळलोच नसतो तर अधिक चांगले नव्हते का? तिऱ्हाईताच्या अंगणात खेळणे म्हणजे वैर सोडणेही नव्हे आणि वैर पाळणेही नव्हे." मुलगा हुशार आहे, आणि त्याचे वडील सैन्यात आहेत, हे आम्हांस ठाऊक होते. ज्याच्या घरचे माणूस सरहद्दीवर उभे आहे, त्याला सुभाषिते ऐकविणे हे गुरुजनांना शोभत नाही. आम्ही त्याला एवढेच म्हटले की, तुझा आक्षेप बरोबर आहे. तो मार्ग अर्धाच आहे. पण पूर्ण वैर आणि पूर्ण मैत्री यांच्यामध्ये जी जागा आहे, तिच्यातच बहुतेक राष्ट्रांचे बहुतेक आयुष्य जाते. ती जागा कोणी तरी झाडून ठेवावी लागते.

मुलाचे समाधान झाले नाही, आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नव्हता. पुढे घरी बसून या प्रश्नाचा विचार करीत असता आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. माद्रिद आणि मॉस्को यांच्यात १९५८ साली 'नाही' होते, १९६२ साली जिनीव्हा होते आणि १९६३ साली 'या' होते. मधले जिनीव्हा नसते, तर तेवढ्याच लवकर 'या' म्हणता आले असते किंवा नाही, हे कोणी सांगू शकणार नाही. उलट व्हिर्टनमधील सामन्यानंतर मॉस्को व तेल अवीव यांच्यात संबंध पुन्हा जुळावयास १९९१ साल उजाडले. आणि २०२२ साली तर अंगण देणेच कोणाला योग्य वाटले नाही, व त्या वेळी तसे न वाटणेच रास्त होते असे आमचेही मत आहे. ज्याने शेजाऱ्याचे घर पेटविले, त्याने तिसऱ्याकडे अंगण मागावे हे न्यायाला धरून नाही. म्हणजे तिऱ्हाईताचे अंगण हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. कधी ते पूल होते, कधी ते नुसते सोयीचे आडगाव राहते, आणि कधी ते नाकारावेच लागते. यांतील कोणती वेळ आली आहे, हे ओळखणे नियमपुस्तकाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मात्र एक गोष्ट खेळ करतो आणि ती तो प्रत्येक वेळी करतो. वैर असो वा मैत्री, समोरच्याने टाकलेला चेंडू टोपलीत पडला, की त्याचे गुण आपल्याच गावच्या गुणफलकावर, आपल्याच माणसाच्या हाताने लिहावे लागतात. मॉस्कोच्या माणसाने माद्रिदचे ७४ लिहिले आणि माद्रिदच्या माणसाने मॉस्कोचे ६९. त्यांतील एकही आकडा कमी लिहिलेला नाही. दोन देशांच्या वर्तमानपत्रांत त्या काळी एकमेकांविषयी जे छापून येत होते, त्यांत असा एकही आकडा खरा सापडणे कठीण. शत्रूला त्याचे हक्काचे माप पुरते मोजून द्यावयाचे, ही गोष्ट लहान खरी. परंतु जी राष्ट्रे तेवढीही करू शकत नाहीत, त्यांच्या तहांवर आम्ही विद्यार्थ्यांकडून टिपा लिहून घेतो, आणि ते तह कधी मोडले तेही पुढच्याच ओळीत लिहावयास सांगतो.